आठ गाड्या आणि एक पाळणा

गाडीला हात लावण्याआधी मदामीन पट्ट्याचं बक्कल कमरेच्या बाजूला सरकवतो. रंगाला ओरखडा नको म्हणून. अंगठी काढून खिशात टाकतो. मनगटी घड्याळ त्याने कधी घेतलंच नाही. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवतो. गाडी ट्रेलरवर चढवून झाली की पोट आत घेतो, श्वास धरतो आणि अर्धवट उघडलेल्या दाराच्या फटीतून बाहेर सरकतो. दोन गाड्यांमधलं अंतर चार बोटांनी मोजतो. पट्टा आवळून झाला की त्यावर एक चापट मारतो, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

चहाचा पेला भरून किटलीत परत ओततो, असं तीनदा. चौथा पितो. नान कधी पालथं ठेवत नाही, स्टिअरिंगपुढच्या फळीवरही नाही. पहिल्या जांभईला काच खाली करतो. दुसरीला गाणं म्हणतो, वाईट म्हणतो. तिसरीला ट्रक बाजूला घेतो.

आणि चालवताना पुटपुटतो. शेजारी बसलेल्या नव्या माणसाला वाटतं, दुआ म्हणतोय. तो आकडे म्हणत असतो. ट्रेलरवरच्या आठ गाड्या. प्रत्येकीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे आणि रंग. आधी वरचा मजला, पुढून मागे चार. मग खालचा, पुढून मागे चार. दर वीस किलोमीटरला एकदा. चुकला की थांबायचं, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून दिला आहे.

ही सवय अकरा वर्षांपूर्वीची. कामचिकचा घाट उतरताना त्याचा डोळा लागला होता. विजेचे तीन खांब मागे पडतील, एवढाच वेळ. जाग आली तेव्हा उजवी चाकं खडीवर होती आणि रस्ता डावीकडे वळत होता. त्याने ट्रक वळवला. काही झालं नाही. एकाही गाडीला चरा पडला नाही. ट्रक थांबवून तो रस्त्याच्या कडेला बसला. हे त्याने फक्त बायकोला, इनोयतला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पीठ मळता मळता तिने विचारलं, "तीन खांब मोजलेत, म्हणजे जागेच होतात ना?"

"नंतर मोजले," मदामीन म्हणाला. "परत चालत जाऊन."

तो आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. बावीस वर्षं असाकाच्या कारखान्यातून ताश्कंदला गाड्या नेतो आहे. हजारो नव्या कोऱ्या गाड्या त्याच्या हातून घाटापलीकडे गेल्या. त्याच्या स्वतःच्या मोटारीचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं.

गेल्या ऑगस्टात त्याच्या ट्रकमध्ये पहिल्यांदा स्वतःचं काही सामान होतं. पाळणा.

त्याची मुलगी ओयदिन ताश्कंदला दिली आहे. तिला मुलगा झाला, इमरोन. चाळीस दिवस सरले आणि पाळण्याचा समारंभ ठरला. पाळणा आईच्या माहेरून जातो. आजोबाने तो जावयाच्या उंबऱ्याच्या आत न्यायचा, मग बायकांनी बाळ त्यात घालायचं. पहिला नातू. मदामीनने अंदिजानच्या एका सुताराला तुतीचं लाकूड स्वतः निवडून दिलं होतं. सुताराने आज देतो, उद्या देतो करत समारंभाच्या आदल्या दिवसाच्या पहाटेपर्यंत आणलं. इनोयत तोवर गाद्या, उशा, मिठाई आणि नात्यातल्या सात बायका घेऊन आगगाडीने पुढे गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "समारंभाच्या दिवशी दहाच्या आत. पाळण्याशिवाय मी तिथे कसली आजी?"

पाळणा सुंदर झाला होता. लाल रंग, त्यावर पिवळी फुलं, वर धरायला गुळगुळीत दांडा, खाली दोन वाकडे पाय, ज्यांवर तो डुलतो. फक्त डुलवला की एक आवाज व्हायचा. टक्-टक्.

"एक पाय केसभर उंच राहिलाय," मदामीन म्हणाला.

"लाकूड आहे, बसेल," सुतार म्हणाला.

"कधी बसेल?"

"पोरगं मोठं झालं की."

मदामीनने घासकागदाचा एक तुकडा मागून घेतला. ताश्कंदला पोचल्यावर दोन मिनिटांत घासून टाकू. पाळणा त्याने केबिनमध्ये सीटच्या मागच्या झोपायच्या फळीवर चढवला. फळी पूर्ण भरली. तो आडवा होऊ शकेल अशी तेवढी एकच जागा ट्रकमध्ये होती.

हिशोब सोपा होता. सकाळी सहाला कारखान्याच्या आवारात, आठपर्यंत गाड्या चढवून बाहेर, दुपारी घाट, संध्याकाळी ताश्कंदच्या वेशीवरच्या गोदामात. तिथे गाड्या उतरवायच्या, रात्रभर झोपायचं, सकाळी दाढी करून पाळणा टॅक्सीत घालायचा. दिवसा मोठ्या ट्रकला शहरात सोडत नाहीत.

पण त्या सकाळी त्याने एक गोष्ट केली नाही. त्याच्याकडे खुणा केलेली एक काठी आहे. गाड्या चढवायच्या आधी तो प्रत्येक गाडीची उंची त्या काठीने घेतो. त्या दिवशी नाही घेतली. आवारातल्या कचेरीच्या खिडकीतल्या नाझिराने यादी दिली, कोणती गाडी कुठे ते त्यात लिहिलेलं होतं, आणि त्याचं लक्ष पाळण्याचा रंग वाळलाय का याच्यात होतं. यादीत दोन गाड्या नव्या धर्तीच्या होत्या. छपरावर सामान बांधायच्या दांड्या असलेल्या. यादी बनवणाऱ्याने त्या दांड्या धरल्या नव्हत्या.

दोन तास राबून आठ गाड्या चढल्या. सोळा पट्टे आवळून झाले, सोळा चापटा मारून झाल्या. फाटकावर उंचीचा आडवा दांडा लावलेला असतो. ट्रेलरची मागची बाजू त्याखाली आली आणि वर टण् असा आवाज झाला.

फाटकावरचा माणूस शिडी चढून बघून आला. "आका, वीतभर जास्त. बोगद्यात छप्पर सोलून निघेल."

मदामीन खाली उतरला. वर बघितलं. उंच गाड्या खालच्या मजल्यावर घ्यायला हव्या होत्या, आणि खालचा मजला तर भरलेला. शेवटी चढलेली आधी उतरते. म्हणजे सगळ्याच उतरवायच्या, वरचा मजला उचलायचा, आणि पहिल्यापासून.

खिडकीत नाझिरा कपाळाला हात लावून बसली होती. तिशीची बाई, आवारातले निम्मे चालक तिला घाबरून असतात. "मदामीन आका, यादी माझीच होती," ती म्हणाली.

"काठी माझी होती," मदामीन म्हणाला. "मला रिकामी जागा दे. सावलीची असली तर बरं."

जागा मिळायला दोन तास गेले आणि ती सावलीची नव्हती. दहा वाजता पत्रा हाताला चटके द्यायला लागला. वरच्या मजल्यावर माणूस उभा राहत नाही, वाकून चालतो. एक हात गाडीवर ठेवायचा नाही आणि दुसऱ्या हाताने धरायला काही नाही. गाडी मागे घेताना आरशात फक्त आकाश दिसतं. चाक फळीच्या कडेपासून किती लांब आहे ते ढुंगणाला कळावं लागतं, असं मदामीन नव्या चालकांना सांगतो. उतरवायला सव्वा तास गेला. मग जेवणाची सुट्टी झाली आणि मजला उचलणाऱ्या पंपाचा माणूस गायब झाला. मग चढवायला अडीच तास.

या सगळ्या वेळात शेजारच्या ट्रकच्या सावलीत तिल्लावोल्दी झोपला होता. हा मदामीनपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, उंच, काटकुळा, आणि बोलायला लागला की थांबत नाही असा. त्याच्या आठही गाड्या छोट्या, कधीच्याच चढल्या होत्या. एका कागदावर शिक्का यायचा राहिला होता, तो दोन वाजता आला. तिल्लावोल्दी उठला, तोंड धुतलं आणि चहापत्ती मागायला मदामीनच्या केबिनमध्ये चढला. चढला तसाच खाली उतरला.

"आका, तो पाळणा रिकामा नेताय?"

"मग काय तुला घालू त्यात?"

"मस्करी नाही. रिकामा पाळणा हलवत नाहीत. पोराला बाधतं."

"मी कुठे हलवतोय?"

"तुम्ही नाही, रस्ता हलवेल. इथून ताश्कंदपर्यंत खड्डे काय थोडे आहेत? शेवटी आजोबाच म्हणतील, पोरगं रडतं का." तो पंपाच्या माणसाकडे वळला. "काय रे, रिकामा पाळणा हलवावा का?"

"छे," पंपाचा माणूस म्हणाला. जेवून आल्यापासून त्याला बोलायला हे पहिलंच कारण मिळालं होतं.

मदामीन असल्या गोष्टी मानत नाही. पण मोडतही नाही. त्याने टोपी काढून डोकं पुसलं. "मग काय करायचं?"

तिल्लावोल्दी स्वतःच्या ट्रककडे गेला आणि एक खरबूज घेऊन आला. लांबुळकं, पिवळं, सालीवर जाळी, दोन हातांत धरावं लागेल असं. त्याने ते पाळण्यात ठेवलं, बाळाला बांधायच्या रुंद पट्ट्या दोन बाजूंनी नीट बांधल्या, वरून मदामीनचा पंचा घातला. मागे सरकून बघितलं.

"आजोबांवर गेलंय," तो म्हणाला.

फाटकावरून बाहेर पडायला तीन वाजले. दांडा काही बोलला नाही.

केबिनमध्ये तास मोजणारं यंत्र आहे. चाक फिरायला लागलं की त्याचा दिवस सुरू होतो. त्या यंत्राच्या मते मदामीन नुकताच कामाला लागला होता. पहाटे साडेचारला उठलेला, दोनदा आठ गाड्या चढवलेला, एकदा उतरवलेला माणूस त्याला दिसत नाही. यंत्राला फक्त चाकं कळतात, पाय कळत नाहीत, असं मदामीन म्हणतो. रागाने नाही म्हणत. त्याच्या मते यंत्र प्रामाणिक आहे, अडाणी आहे एवढंच.

कापसाची शेतं मागे पडत होती. ऊन समोरून येत होतं. मागे पाळणा टक्-टक् करत होता, खड्डा लागला की दोनदा जास्त. मदामीन आकडे म्हणत होता. चारशे सतरा पांढरी, शून्य बावन्न पांढरी, सहाशे नव्वद करडी. दर वीस किलोमीटरला. बरोबर.

पाचच्या सुमाराला इनोयतचा फोन आला.

"कुठवर आलात?"

"कोकंद मागे पडलं."

"फक्त कोकंद?"

"गाड्या परत चढवाव्या लागल्या."

तिच्या मागे बायकांचा आणि भांड्यांचा आवाज. "विहीणबाई तीनदा विचारून गेल्या, पाळणा कसा आहे. मी म्हटलं, लाल आहे."

"पिवळी फुलं पण आहेत."

"आवाज कसला येतोय?"

"पाळण्याचा. घासणार आहे मी."

"दमलात का?"

"नाही."

"अहो, दमलात का, विचारतेय."

"थोडा," तो म्हणाला.

"बरं," इनोयत म्हणाली. त्या 'बरं'मध्ये तीन खांब होते, दोघांनाही ठाऊक होतं. तिने फोन ठेवला.

चढण सुरू व्हायच्या आधी पहिली जांभई आली. त्याने काच खाली केली. डोंगराकडून गार वारा येत होता, बरं वाटलं. दुसरी आलीच नाही. त्याने मान फिरवली, खांदे हलवले आणि आकडे म्हणायला घेतले. या वेळी ते असे आले की जणू पुढे लिहून ठेवलेत. कुठे अडखळला नाही. वरच्या चार, खालच्या चार, शेवटची आठशे तीन हिरवी. छान. डोकं लख्ख आहे. पायथ्याशी न थांबता वर जाऊ, दहापर्यंत घाट उतरू, मध्यरात्रीच्या आत गोदाम. रस्ता दिसत होता, ट्रक ऐकत होता.

दोन वळणं गेल्यावर त्याच्या मनात आलं, हिरवी?

आज हिरवी गाडी नव्हती. सहा पांढऱ्या, दोन करड्या. आठशे तीन हिरवी मागच्या आठवड्यातली. त्याने सगळी यादी मागच्या आठवड्याची म्हटली होती. एकही चूक न करता.

अडखळला असता तर कळलं असतं. हा तर न अडखळता झोपला होता, डोळे उघडे ठेवून.

पुढच्या वळणावर चहाखाना आहे, ट्रक लावायला मोठं मैदान असलेला. मदामीनने ट्रक तिथे घेतला, इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. डोंगराच्या टोकावर अजून ऊन होतं. यंत्राच्या पडद्यावर लिहिलं होतं, अजून पाच तास चालवता येईल.

खाली लाकडी बैठकीवर, त्याच्या आधीच आवारातून निघालेला तिल्लावोल्दी मांडी घालून शीख कबाब खात होता. मदामीनला बघून त्याने गादीवर थापटून जागा दाखवली. "या. पोराला आणलं नाहीत?"

मदामीन बसला. चहा आला. त्याने पेला भरला, परत ओतला. भरला, परत ओतला. मग पुन्हा भरला आणि परत ओतला. मग पुन्हा.

"आका, हे चौथं झालं," तिल्लावोल्दी म्हणाला.

मदामीनने किटली खाली ठेवली. "तिल्ला, दुपारी किती वाजता उठलास?"

"दोनला."

"खरं सांग."

"कागद आले तेव्हा. त्याआधी नऊपासून मेलो होतो. का?"

"मी घाट चढत नाही आज."

तिल्लावोल्दीने कबाबची सळई ताटात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी हळूहळू गेली. "आणि उद्याचं?"

"झोपून उठलो की निघेन. पण मला गोदामात पोचायला दहा वाजतील, मग उतरवायचं. दुपार होईल."

"तोंडावर पाणी मारा. माझ्या मागोमाग या. मी पुढे राहतो, माझे दिवे बघत चला."

"तुझे दिवे बघत बघतच मी झोपेन."

"आका, पहिला नातू आहे."

"म्हणून तर."

चहाखान्याच्या नोकराने ताट उचललं. मदामीनने आपले हात बघितले. बोटांच्या पेरांवर काळं वंगण होतं. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या त्यांच्या दारापर्यंत नेल्या होत्या. कोण त्यात बसणार, पहिल्यांदा कोण काच खाली करणार, त्याने कधी बघितलं नव्हतं, बघावंसं वाटलंही नव्हतं. ही एकच वस्तू अशी होती की ती आत नेऊन ठेवायची आणि लोकांनी बघताना आपण बघायचं.

"पाळणा तू घेऊन जा," तो म्हणाला.

"मी?"

"गाड्या पहाटे उतरव. टॅक्सीच्या टपावर बांध. पट्टा जास्त आवळू नकोस, रंग कोवळा आहे. दहाच्या आत पोच. मी पत्ता लिहून देतो."

"माझ्याकडे दुसरा शर्ट नाही."

"माझा ने. दाढी कर."

दोघांनी मिळून पाळणा एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये नेला. खरबूज तसंच, बांधलेलं. मैदानातून जाताना इतर चालक उठून बघायला लागले. एकाने पुढे येऊन पंचा वर केला, आत बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "दीर्घायुषी होऊ दे."

तिल्लावोल्दीचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत मदामीन उभा राहिला. मग त्याने इनोयतला फोन केला. सगळं सांगितलं, हिरव्या गाडीसकट.

"झोपा," ती म्हणाली.

"विहीणबाईंना काय सांगशील?"

"सांगेन, पाळणा लाल आहे आणि आजोबा जिवंत आहे. झोपा आता."

फळी रिकामी झाली होती. तिच्यावर लाकडाचा आणि रंगाचा वास राहिला होता. यंत्राचे पाच तास शिल्लक ठेवून मदामीन झोपला. बाहेर अजून पुरता अंधारही झाला नव्हता.

उजाडता उजाडता तो उठला. डोकं धुतलेल्या पेल्यासारखं झालं होतं. पायथ्याशी आकडे म्हणून बघितले, दोनदा अडखळला, दोन्ही वेळा स्वतःच दुरुस्त केले. सहा पांढऱ्या, दोन करड्या. अडखळणं त्याला आवडलं. घाट चढला, बोगद्यातून वीतभर खालून गेला. पलीकडे उतरताना तो जुना वळणाचा भाग आला. त्याने नेहमीप्रमाणे तीन खांब मोठ्याने मोजले.

दहा वाजता तो गोदामात होता. त्याच वेळी पाळणा उंबऱ्याशी असेल, हे त्याला माहीत होतं. त्याने बक्कल बाजूला सरकवलं, अंगठी खिशात टाकली आणि पहिली गाडी उतरवायला घेतली. घाई केली नाही. बारा वाजून गेले होते आणि शेवटची गाडी राहिली होती, तेव्हा फाटकातून तिल्लावोल्दी आला. अंगात मदामीनचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंतच पुरलेल्या. भुवयांत आणि कानांमागे पीठ.

"आका, मला माफ करा," तो म्हणाला. "मी सांगितलं हो त्यांना. कुणी ऐकूनच घेईना."

"काय झालं?"

"दारापासून पांढरं कापड अंथरलेलं. मी पाळणा घेऊन बाजूने जायला लागलो, तर बायकांनी धरून कापडावर उभं केलं. विहीणबाई आत बाळापाशी होत्या. एका म्हातारीने दोन्ही गालांना पीठ फासलं, वाट पांढरी होवो म्हणून. कुणीतरी म्हणालं, आजोबा फारच तरुण दिसतात. मी म्हटलं, मी आजोबा नाही, मी ट्रकवाला. ते म्हणाले, हो, आजोबा ट्रकवालेच आहेत."

"मग?"

"मग काय, आत नेऊन मानाच्या जागी बसवलं. पुलाव वाढला. वर मांसाचे मोठे तुकडे. तोंड भरल्यावर माणूस काय खुलासा करणार?"

"इनोयत कुठे होती?"

"इनोयत ओपा समोर उभ्या होत्या. सगळं बघत होत्या. हसून हसून त्यांना बोलता येईना." तिल्लावोल्दीने मान खाली घातली. "आणि पाळणा उघडला तेव्हा खरबूज निघालं. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. मग तुमच्या विहीणबाई म्हणाल्या, या घरात पहिल्यांदाच कुणा आजोबाने इतका विचार केला. ते त्यांनी कापलं नाही. तुमच्यासाठी ठेवलंय."

मदामीन ट्रेलरच्या पायरीवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. तिल्लावोल्दी घाबरला, रडतायत की काय. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तो ओयदिनच्या घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. पाहुणे पांगले होते. अंगणातलं पांढरं कापड घडी करून ओट्यावर ठेवलं होतं. इनोयतने ते पुन्हा अंथरलं, पूर्ण नाही, दोन पावलांपुरतं. आतून पीठ आणून तिने त्याच्या गालांना लावलं. हात आखडता घेतला नाही.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला," ती म्हणाली. "आत चला."

इमरोन पाळण्यात होता. पट्ट्यांत बांधलेला, टक्क जागा. ओयदिन दांडा धरून डुलवत होती. टक्-टक्. मदामीन वाकला. बाळाने त्याच्या पांढऱ्या तोंडाकडे बघितलं आणि काही मत दिलं नाही.

"त्याला उचल जरा," मदामीन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"बाबा, आधी खा. खरबूज कापते."

"दोन मिनिटं."

ओयदिनने बाळ उचललं. मदामीनने पाळणा कुशीवर केला, खिशातून घासकागद काढला, मांडी घातली आणि डाव्या पायापासून सुरुवात केली. हळूहळू, लाकडाच्या रेषेने, मधूनच अंगठा फिरवून बघत. तुतीची पिवळी भुकटी त्याच्या विजारीवर पडत होती. डावा पाय झाला. त्याने कागदाची दुसरी घडी घातली आणि उजव्या पायावर ठेवला. हात दोनदा पुढे-मागे झाला. तिसऱ्यांदा थांबला. ओयदिन खरबुजाच्या फोडी घेऊन आली तेव्हा त्याचं कपाळ पाळण्याच्या कडेला टेकलं होतं आणि तो घोरत होता.

ती त्याला उठवायला निघाली. इनोयतने तिचा हात धरला. दोघींनी त्याला गादीवर सरकवलं, पाळणा सरळ केला आणि बाळ परत आत बांधलं. ओयदिनने डुलवून बघितलं. आता फक्त एकदाच वाजत होतं. टक्. मग शांतता. मग टक्. इमरोनने ते थोडा वेळ ऐकलं आणि डोळे मिटले.

त्यानंतर मदामीन महिन्यातून दोनदा तरी त्या घरी जातो. दर वेळी म्हणतो, उजवा पाय घासून टाकतो. ओयदिन हात लावू देत नाही. तो आवाज नसला तर पोरगं झोपत नाही, म्हणते. चौकोनी घडी घातलेला तो घासकागद ट्रकमध्ये त्याच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचलेला आहे. एक बाजू झिजलेली, दुसरी कोरी.